शोथरोधक औषधे व अष्ठीला कर्करोग

अष्ठीला अथवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात ॲस्पिरिनसारख्या शोथरोधक औषधांनी रुग्णाचे आयुर्मान वाढते काय, हा प्रश्न, ती औषधे ज्या प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात ती अर्बुदवाढीस पोषक ठरतात, या विचारातून उद्भवला. निरीक्षणात्मक अभ्यासांचे दाखले परस्परविरोधी आहेत. स्टॅम्पीड या यादृच्छिक चाचणीत तर केवळ सेलेकॉक्सिब या शोथरोधक औषधाने जगण्याची मुदत वाढल्याचे दिसले नाही, आणि हा निर्वाळा अधिक वजनाचा मानला पाहिजे. या औषधांमुळे जठरातील रक्तस्रावाचा धोकाही क्षुल्लक नव्हे. टाटा स्मारक केंद्र ब्रिटनमध्ये २०१५ साली सुरू होऊन भारतापर्यंत विस्तारलेल्या ॲड-ॲस्पिरिन चाचणीत सहभागी झाले. मूळ उपचारांनंतर दररोज १०० वा ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांची तुलना तीत निरौषध गोळी घेणाऱ्यांशी केली जाते.