वेताला दुसरं कोकरू

बोनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, स्थापन केली. सुरुवातीचं काम पिकांचं होतं. करडईच्या वाणांनी संस्थेला नाव मिळवून दिलं. १९९० मध्ये पशुसंवर्धन विभाग सुरू झाला आणि संस्थेचं लक्ष शिवारातल्या मेंढरांकडे वळलं. पुढे डॉ. चंदा निंबकर यांनी या कामाची धुरा वाहिली.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीपुरती. धनगराचं घर चालतं ते मटणासाठी विकल्या जाणाऱ्या कोकरांवर. पण ही मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. चराऊ रानं आटत असताना कळप वाढवायचा कुठे? त्यापेक्षा आहे त्याच मेंढीला दोन कोकरं झाली तर?

उत्तर सापडलं बंगालच्या सुंदरबनात. तिथली गारोल मेंढी अंगानं अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. गारोल फलटणला आणून दख्खनी आणि कर्नाटकातल्या मांसल बन्नूर मेंढ्यांशी तिचा संकर सुरू झाला. संकरात जुळ्यांचा गुण आला, पण गारोलचं खुजेपणही आलं. अंग भरायचं तर पुन्हा दख्खनीकडे वळायला हवं. आणि दर वळणाला निम्म्याच कोकरांत तो गुण उतरणार. कोणत्या? डोळ्यांनी कळत नाही. नराच्या अंगी तर तो दिसतच नाही. त्याच्या लेकी वितील तेव्हा कळणार. तोवर कानातले बिल्ले आणि वंशावळीची नोंदवही, एवढाच आधार.

१९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या मदतीनं तिथली विद्यापीठं आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या कामात सामील झाली. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढीतलं, जुळी देणारं ‘फेकबी’ जनुक नेमकं ओळखता आलं: सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एका अक्षराचा बदल. गारोलमध्येही तोच बदल निघाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजानं सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांशी हे नातं जुळतं. आता थेंबभर रक्तावरून कोवळ्या नराची पारख होऊ लागली आणि पिढीमागची वर्षं वाचली.

यातूनच ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी घडली. तिची खरी थोरवी मला तिच्या मापात दिसते. जनुकाची एक प्रत असली की वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं मिळतात. दोन प्रती असल्या तर तिळ्यांचं प्रमाण वाढतं. पण दोन सडांची, माळावर चरणारी आई तिघांना पाजणार कशी? जन्मलेलं कोकरू जगलं नाही तर मेंढपाळाच्या हाती काय उरलं? म्हणून मेंढपाळाच्या कळपात एकच प्रत असलेली मेंढी बरी. तिलाही गाभणपणी आणि विल्यावर चार घास जास्त लागतात, अशक्त कोकराला वरचं दूध पाजावं लागतं. संशोधकांनी धनगरांच्या कळपांतही कोकरांच्या जन्माच्या, वजनाच्या, जगण्याच्या नोंदी ठेवल्या, त्या यासाठीच.

नोव्हेंबर २००८ मध्ये या जनुकावर पुण्यात आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. ऑस्ट्रेलियातल्या मेंढी-आनुवंशिकीच्या अग्रणी हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मरणार्थ. जगभरच्या अभ्यासकांपुढे फलटणचा अनुभव मांडला गेला.

जातिवंत पैदास म्हटलं की प्रदर्शनातला धिप्पाड मेंढा डोळ्यांपुढे येतो. फलटणची कसोटी वेगळी आहे. दूध तुटल्यावरही आईमागे दोन कोकरं धावताना दिसली, की तिथली वंशावळ खरी ठरते.