मूठभर धान्याची शाळा

ज्युबिलीच्या वर्षीं मागें वळून पाहण्याचा प्रघात सर्वत्र आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु अशा प्रसंगीं आपण बहुधा कोनशिलेवरील तारीख, देणगीदारांची नामावलि आणि मुख्याध्यापकांच्या तसबिरी एवढ्यांतच शाळेचा इतिहास आटोपतों. आमच्या मतें माध्यमिक शाळेच्या इतिहासाचा गाभा निराळाच असतो. ज्या वस्तींत ती उभी आहे त्या वस्तीनें तिला आपली म्हटलें कीं नाहीं, आणि म्हटलें असल्यास कशाच्या बळावर म्हटलें, हा तो गाभा होय. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें हायस्कुलांत शिकत आहेत. कित्येक वाचक स्वतः शिक्षक आहेत. त्यांच्यापुढें ह्या अंकाच्या निमित्तानें एका शिक्षणसंस्थेचा वृत्तांत ठेवावा असें आम्हीं योजिलें आहे. ही संस्था आपल्या ख्रिस्तसभेनें स्थापिलेली नव्हे. परंतु शाळा आणि गांव ह्यांची गांठ कशी पडते व कशी टिकते, हें इतक्या स्पष्टपणें दाखविणारें दुसरें उदाहरण महाराष्ट्रांत आम्हांस ठाऊक नाहीं. ती संस्था म्हणजे साताऱ्याची रयत शिक्षण संस्था.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई इलाख्यांतील खेड्यांतल्या मुलास माध्यमिक शिक्षण कितपत साध्य होतें, हें प्रथम ध्यानीं घेतलें पाहिजे. १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचें धोरण ठरलें, आणि त्याच्या आधारें ठिकठिकाणीं हायस्कुलें निघालीं. परंतु तीं बहुतेक शहरांत व मोठ्या गांवीं. खेड्यांतल्या हुशार मुलानें गांवची मराठी शाळा संपविली कीं त्याच्यापुढें डोंगर उभा राही. फी हा त्या डोंगराचा लहानसा भाग. मोठा प्रश्न असे तो राहावें कोठें आणि जेवावें कोठें हा. ब्राह्मण विद्यार्थ्यास शहरांत वार लावून अथवा माधुकरी मागून दिवस काढण्याची जुनी वहिवाट होती. कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या किंवा अस्पृश्य मानिल्या गेलेल्या जातींतल्या मुलास ती वाट मोकळी नव्हती. हें ओळखूनच कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांच्या वसतिगृहांस आश्रय दिला. माध्यमिक शाळेचा खेड्याशीं पहिला सांधा जुळला तो अशा वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत.

भाऊराव पायगोंडा पाटील ह्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कोल्हापुराकडील कुंभोज ह्या गांवीं एका जैन कुटुंबांत झाला. कोल्हापुरास शिकत असतां ते जैन वसतिगृहांत राहिले. शाहू छत्रपतींचा सहवास व महात्मा फुल्यांचे सत्यशोधक विचार ह्यांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. ते पदवीधर नव्हते. उपजीविकेसाठीं त्यांनीं ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल व किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपविण्याचें काम केलें, आणि त्या निमित्तानें खेडींच्या खेडीं पालथीं घातलीं. नांगर विकणाऱ्यास शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावें लागतें. त्याच्या जमिनीची प्रत, डोक्यावरचें कर्ज, गोठ्यांतली बैलजोडी आणि घरांतलीं मुलेंबाळें ह्यांची विचारपूस करावी लागते. शाळा काढण्याच्या आधीं गांव ओळखण्याची ही संधि भाऊरावांस लाभली. शाळा चालविणाऱ्या पुष्कळांच्या वांट्यास ती पुढें कधींच येत नाहीं.

१९१९ सालीं ४ ऑक्टोबर रोजीं, विजयादशमीस, कऱ्हाडजवळील काले ह्या गांवीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 'रयत' हें नांव अर्थपूर्ण होतें. सारा भरणारा, राबणारा, ज्याच्याकडून आजवर घेतलेंच गेलें असा जो सामान्य माणूस, त्याची ही संस्था. १९२४ सालीं संस्थेचें कार्य साताऱ्यास आलें व तेथें वसतिगृह सुरू झालें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याचें 'छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस' असें नामकरण झालें. सर्व जातींचीं व धर्मांचीं मुलें तेथें एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंक्तीस बसत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्या त्या सर्व मुलांची माता बनल्या. कोठारांत दाणा उरला नाहीं त्या वेळीं त्यांनीं अंगावरील दागिने विकून मुलांस जेवूं घातलें, आणि अखेर मंगळसूत्रही त्याच कामीं लागलें. १९३० सालीं त्यांचें निधन झालें.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. एवढा संसार चालावा कसा? राजेरजवाडे व धनिक ह्यांच्या देणग्या संस्थेस मिळाल्या, हें खरें. परंतु केवळ त्यांच्यावर तिचा पाया घातलेला नव्हता. भाऊरावांनीं 'मुष्टिफंड' सुरू केला. त्याची रीत अत्यंत साधी. गृहिणीनें जात्यावर दळणास बसण्यापूर्वीं एक मूठ धान्य विद्यार्थ्यांच्या नांवानें वेगळ्या मडक्यांत टाकावें, आणि ठराविक दिवसांनीं तें गोळा व्हावें. एका मुठीनें कोणाचें घर रिकामें होत नाहीं, म्हणून ती देण्यास असमर्थ असें घर सहसा सांपडत नाहीं. अनेक मुठींची रास मात्र वसतिगृहाची चूल पेटती ठेवते.

ह्या रीतींतील मर्म नीट पाहिलें पाहिजे. श्रीमंताची मोठी देणगी वर्षांतून एकदां येते. तिच्यासाठीं समारंभ होतो, हार घातला जातो, आणि गांव तो समारंभ दुरून पाहतें. मुठीचें दान रोज होतें, पहांटे होतें, आणि तें करणारी बहुधा स्वतः निरक्षर असते. तिचें नांव कोठल्याही शिळेवर कोरलें जात नाहीं. परंतु रोज पहांटे त्या शाळेची एकदां आठवण झाल्यावांचून तिचा दिवस सुरू होत नाहीं. जिच्या दाण्यावर शाळा जेवते ती बाई त्या शाळेची वाटेकरीण होते. आपल्या शेजारणीचा मुलगा तेथें काय शिकला हें विचारण्याचा तिला अधिकार येतो. आणि जो मुलगा त्या दाण्यावर वाढला, तो विद्वान झाला तरी आपल्यावर कोणाचें ऋण आहे हें त्यास विसरतां येत नाहीं. असें दुहेरी ऋण जेथें आहे तेथें शाळा आणि गांव ह्यांचा संबंध निराळा जोडावा लागत नाहीं.

ह्या देवघेवीची दुसरी बाजू विद्यार्थ्यांच्या श्रमाची. स्वावलंबी शिक्षण हें संस्थेनें आपलें ब्रीद मानिलें. वसतिगृहांतील मुलें स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतांत व बांधकामावर राबत. १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें, तें मोफत व निवासी होतें. 'कमवा व शिका' ही पद्धति पुढें १९४७ सालीं निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांतही चालू राहिली. हातीं पुस्तक आलें कीं कुदळीची लाज वाटूं लागावी, हा आपल्याकडील इंग्रजी शिक्षणाचा जुना रोग. बापानें पोटास चिमटा घेऊन शिकविलेला मुलगा त्याच बापाच्या शेतांत पाऊल टाकण्यास संकोचतो, तेव्हां गांवाच्या मनांत हायस्कुलाविषयीं अढी बसते आणि ती अढी अन्याय्य म्हणतां येत नाहीं. श्रमास अभ्यासक्रमांत मानाचें स्थान देऊन भाऊरावांनीं ती अढी काढून टाकली.

शिक्षक कोठून आणावेत हा तिसरा प्रश्न. १९३५ सालीं संस्थेनें साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठीं अध्यापनशाळा काढिली, आणि पुढें खेड्यांतून पांचशेंहून अधिक प्राथमिक शाळा चालविल्या. संस्थेंतच वाढलेले कित्येक विद्यार्थी तिचे आजीव सेवक झाले व शिक्षक म्हणून खेड्यांत परतले. ज्या शिक्षकास पेरणी-काढणीचे दिवस ठाऊक आहेत, त्यास सुगींत वर्ग ओस कां पडतो हें कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. शाळा गांवाशीं जोडलेली असावी म्हणजे तिनें गांवाच्या प्रत्येक समजुतीपुढें मान तुकवावी, असा अर्थ नव्हे. ज्या काळीं गांवच्या पाणवठ्यावर अस्पृश्यास मज्जाव होता, त्या काळीं गांवच्याच धान्यावर चालणाऱ्या ह्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत होतीं. भाऊरावांनीं गांवाकडून धान्य घेतलें, शिवाशीव मात्र उंबरठ्याबाहेर ठेविली. ह्यामुळें विरोध झाला नाहीं असें नाहीं. परंतु जो मनुष्य रोज आपल्या दारीं मूठ मागण्यास येतो त्याच्यावर राग धरला तरी त्यास परका म्हणतां येत नाहीं; म्हणून त्याचें कटु बोलणेंही अखेर ऐकलें जातें. दुरून उपदेश करणाऱ्यास हा लाभ मिळत नाहीं.

ह्याच प्रश्नाचा विचार त्याच काळीं परदेशांतही चालला होता. इंग्लंडांतील केंब्रिजशायर परगण्याचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस ह्यांनीं १९२४ सालीं एक योजना मांडिली. खेडीं ओस पडत आहेत, हुशार तरुण शहराकडे जात आहेत, ह्यावर उपाय म्हणून प्रत्येक ग्रामसमूहास एक 'व्हिलेज कॉलेज' असावें, असें तिचें सूत्र होतें. दिवसा तेथें माध्यमिक वर्ग भरावेत. सायंकाळीं त्याच इमारतींत प्रौढांचे वर्ग, वाचनालय, सभा व नाटकें व्हावींत. सॉस्टन येथील पहिलें कॉलेज १९३० सालीं उघडलें. इंपिंग्टन येथील कॉलेज १९३९ सालीं सुरू झालें व त्याची इमारत वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय ह्या स्थापत्यविशारदांनीं योजिलेली होती. तेथें सरकारी तिजोरींतून बांधलेल्या शाळेनें आपलीं दारें गांवास उघडिलीं. येथें तिजोरी दूर असल्यामुळें गांवानें आपलें मडकें शाळेस उघडिलें. मार्ग उलट दिशांचे, पण दोन्हींचें मर्म एकच. शाळेचा घंटा वाजल्यावर जिचें गांवाशीं नातें संपतें ती शाळा गांवची नव्हे.

रयत संस्थेच्या ह्या नात्याची परीक्षा स्वातंत्र्यानंतर झाली. १९४८ सालीं गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनीं त्यांच्या नांवानें १०१ हायस्कुलें काढण्याचा संकल्प केला. त्याच सुमारास सरकारी रोष ओढवून संस्थेचें अनुदान कांहीं काळ बंद पडलें. केवळ अनुदानावर पोसलेली संस्था अशा वेळीं मिटली असती. परंतु हिच्या पाठीशीं खेडीं होतीं आणि गाडगे महाराजांसारखा लोकांचा संत होता. अनुदान पुन्हां सुरू झालें. १९५४ सालीं कऱ्हाडास निघालेल्या कॉलेजास संस्थेनें गाडगे महाराजांचेंच नांव दिलें. १९५९ सालीं भाऊरावांस पद्मभूषण हा किताब मिळाला आणि त्याच वर्षीं ९ मे रोजीं त्यांचें देहावसान झालें. आज संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या चारशेंहून अधिक आहे.

आतां काळ बदलला आहे. अनुदानित शाळेंतील शिक्षकाचा पगार सरकार देतें. विनाअनुदानित शाळेचा खर्च फीमधून निघतो. मुठीची गरज कोणासच उरली नाहीं, आणि जात्यांवर बसणाऱ्या त्या मायबहिणीही उरल्या नाहींत. शिक्षकांस वेळेवर वेतन मिळतें ही समाधानाची गोष्ट आहे. जुन्या दारिद्र्याचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु गरज संपली तशी ओळखही संपत चालली, हें डोळ्यांआड करतां येत नाहीं. पालक हा गिऱ्हाईक झाला कीं तो मुलाचे गुण विचारतो, शाळेचें कुशल विचारीत नाहीं. शाळेच्या भिंतीला लागून राहणारे, पण ज्यांचें मूल तेथें नाहीं असे शेजारी तर तिच्या लेखीं नसतातच.

सेमिनरींत शिकतांना आम्हांस सांगण्यांत आलें होतें कीं 'पॅरिश' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ शेजारीं वस्ती करणें असा आहे. पॅरिशमधील शाळेनें हा अर्थ विसरूं नये. तिनें प्रत्येक घराकडून, मग तें घर कोणत्याही धर्माचें असो, कांहीं तरी अल्प पण नियमित मागावें: एखाद्या सुतारानें महिन्यांतून एक दुपार, एखाद्या निवृत्त शिक्षकानें एक संध्याकाळ, एखाद्या शेतकऱ्यानें बी-रोप आणि तें लावण्याची विद्या. बदल्यांत तिनें आपलें वाचनालय व पटांगण सायंकाळीं खुलें ठेवावें आणि आपलीं मुलें वस्तीच्या कामास पाठवावींत. मागण्यांत कमीपणा नाहीं. ज्याच्याकडून आपण कांहींच घेत नाहीं त्यास आपण आपला मानीत नाहीं, हें त्यास बरोबर कळतें.

असो. आमच्या वाचकांनीं ह्या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या जवळच्या शाळेच्या फाटकाशीं क्षणभर थांबावें आणि आपली मूठ कोणती, ह्याचा विचार करावा, एवढीच आमची विनंति आहे. ती मूठ रोज काढून ठेवण्याची बुद्धि दयाघन परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.