दोन कागदांमधला दगड

पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर आज लोक चित्रकार बघायला चढतात. त्या टेकडीच्या पोटात शतकानुशतकं जिप्समच्या खाणी चालल्या. तिथला दगड भाजून केलेली भुकटी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, आपलं पीओपी. गणेशमूर्तीपासून फॉल्स सीलिंगपर्यंत पोचलेल्या या भुकटीचं मर्म 1765 साली 21 वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे उलगडलं. जिप्सम तापवलं की त्यातलं पाणी निघून जातं, आणि भुकटीत पुन्हा पाणी कालवलं की ती ते स्वतःत बांधून घेते व परत दगड होते. 100 किलो शुद्ध जिप्सममध्ये सुमारे 21 किलो पाणी असतं. भट्टीत त्यातलं तीन चतुर्थांश उडतं. ड्रायवॉल, म्हणजे दोन कागदांत जिप्समचा गाभा असलेल्या तक्त्यांची भिंत, आगीत का तग धरते, उकिरड्यावर का नासते आणि पुन्हा नवी कशी होते, हे सगळं या पाण्याच्या जाण्या-येण्यातच आहे.

ड्रायवॉलचा जन्म मात्र अमेरिकेतला. तिथं लाकडी सांगाड्याच्या घरात आतून अरुंद पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांवर गिलाव्याचे दोन-तीन हात मारायचे, अशी रीत होती. गवंडी कसबी लागे, आणि एकेक हात वाळेपर्यंत घर अडून राही. ऑगस्टीन सॅकेट यांनी 1894 मध्ये पेटंट घेतलं ते या पट्ट्यांना पर्याय म्हणून. कागद, प्लास्टर, पुन्हा कागद अशा थरांचा त्यांचा तक्ता गिलाव्याखाली बसवायचा होता. युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीनं 1909 मध्ये सॅकेट यांचा कारखाना विकत घेतला, पुढं मधले थर काढून दोन कागदांत एकच जाड गाभा ठेवला आणि 1917 पासून तो ‘शीटरॉक’ या नावानं विकला.

गिऱ्हाइकाला तो बरीच वर्षं हलका माल वाटला. ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या भिंतीला कोण भिंत म्हणणार! मत बदललं ते दुसऱ्या महायुद्धात. माणसं आघाडीवर, बराकी घाईनं हव्या, गवंडी मिळेनात. युद्ध संपल्यावर न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउनची 17 हजारांहून अधिक घरं चार-पाच वर्षांत उभी राहिली, ती अशाच तक्त्यांच्या भिंतींनी. आगीपासूनच्या रक्षणाचा गुणही या तक्त्यात होताच. ज्वाळा लागल्या की गाभ्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडू लागतं, आणि ते संपेपर्यंत मागची बाजू साधारण 100 अंशांच्या फार वर जात नाही.

जे झटपट लागतं ते झटपट उतरतंही. खोलीच्या मापाला कापताना छाटण निघते, दुरुस्तीत तक्ते फुटतात, आणि हे सगळं कचराभूमीवर जाऊ लागलं. तिथं जिप्सम ओलं होतं, त्यातलं सल्फेट पाण्यात उतरतं. हवा न पोचणाऱ्या थरांतले जीवाणू कुजका कचरा खाताना ते सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो याचा, आणि बंदिस्त जागेत साठला तर हा वायू जिवावर बेततो. कॅनडात व्हँकुव्हर परिसरानं 1984 मध्ये जिप्समला कचराभूमीचं दार बंद केलं. पुढच्याच वर्षी तिथं त्यावर पुनर्प्रक्रिया करणारा उद्योग सुरू झाला. ड्रायवॉलच्या पुनर्वापराची सुरुवात पर्यावरणाच्या कळवळ्यातून झाली असं सांगायला मलाही आवडलं असतं, पण ती दुर्गंधीतून झाली. युरोपीय संघानंही पुढं जिप्सम कुजणाऱ्या कचऱ्यात मिसळायला मनाई केली, आणि मॅसॅच्युसेट्स राज्यानं 2011 मध्ये स्वच्छ तक्त्यांना कचराभूमीत बंदी घातली.

प्रक्रिया दिसायला सोपी आहे. तक्ते चिरडायचे, स्क्रू आणि खिळे चुंबकानं ओढायचे, चाळणीनं कागद वेगळा करायचा आणि उरलेली भुकटी ताज्या जिप्सममध्ये मिसळून भट्टीत घालायची. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं हे कितीही वेळा करता येतं. अडवतो तो कागद. चाळणीतून निसटलेले तंतू कालवणात जास्त पाणी पितात, आणि जास्त पाणी म्हणजे तक्ता वाळवायला जास्त इंधन. ज्या कागदानं ठिसूळ दगडाला वाकण्याची ताकद दिली, तोच परतीच्या वाटेवर आडवा येतो. पाडलेल्या घरातले तक्ते तर आणखी अवघड. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि अमेरिकेत 1977 पर्यंत सांधे भरायच्या लांबीत अ‍ॅस्बेस्टॉसही असे. म्हणून कारखान्यांना सर्वांत प्रिय असते ती नव्या बांधकामावरची कोरी छाटण. अमेरिकेत अशी छाटण दळून शेतातही टाकतात. सांगली-कोल्हापूरकडे चोपण जमीन सुधारायला जिप्सम टाकणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

आजच्या तक्त्यातलं जिप्सम खाणीतलंच असेल असंही नाही. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरातला गंधक चुनखडीच्या पाण्यात अडवला की जिप्सम तयार होतं. जर्मनीत निम्म्याहून अधिक जिप्सम बरीच वर्षं याच वाटेनं आलं. आता तो देश उशिरात उशिरा 2038 पर्यंत कोळसा सोडणार आहे. त्यामुळे हवा शुद्ध होईल, आणि भिंतीचा कच्चा माल आटेल. जुन्या भिंतींना तिथं अचानक भाव आला आहे तो यामुळे.

मुंबईत याच कुळाची दुसरी शाखा दिसते. खतकारखान्यात एक टन फॉस्फोरिक आम्ल काढताना सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम मागं उरतं. ट्रॉम्बेच्या आरसीएफ या खतकंपनीनं ऑस्ट्रेलियन तंत्र आणून त्याची 12 मीटर लांब, 3 मीटर उंच, आतून पोकळ पॅनेलं काढली. त्यांत कागदाऐवजी काचतंतू आहेत, आणि पोकळीत सळ्या व काँक्रीट भरलं की ती भारही पेलतात. आयआयटी मद्रासनं त्यांची दुमजली इमारत बांधून दाखवली. फॉस्फोजिप्सममध्ये थोडा किरणोत्सारी अंश असतो, त्यामुळे ते आधी तपासून घ्यावं लागतं. ही अट जाचक नाही, रास्त आहे.

आपल्या फ्लॅटच्या इंटीरियरमध्ये मात्र छाटण विटांच्या तुकड्यांबरोबर डेब्रिजच्या गोणीतच जाते. छताच्या उंचीला जुळेल अशा लांबीचे तक्ते मागवले, ते चिकटवण्याऐवजी स्क्रूनं बसवले आणि कोरी छाटण वेगळ्या पोत्यात, कोरड्या जागी ठेवली, तर पुनर्वापराचं निम्मं काम कंत्राटदाराच्या हातूनच होतं. भिजलेली, सिमेंट लागलेली छाटण कुठलाच कारखाना घेत नाही.