धामणीची साल

आळे म्हटले की वारकऱ्यास ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आठवते. त्या आळ्याहून पश्चिमेस निघावे, जुन्नर मागे टाकून नाणेघाटाच्या वाटेस लागावे, म्हणजे सह्याद्रीचे रान सुरू होते. या मुलखात इतिहास धुंडाळणारा माणूस दगडापाशी थांबतो. शिवनेरीचा तट पाहतो, नाणेघाटातील सातवाहनांचा लेख वाचतो. पण सह्याद्रीच्या रानांतील एक झाडही इतिहास सांगते. ते झाड धामणीचे.

धामण म्हणताच बालवाचकांना साप आठवेल! ही धामण मात्र जागची हलत नाही. संस्कृतात तिला ‘धनुर्वृक्ष’ असे सार्थ नाव आहे. तिचे लाकूड चिवट. वाकते, पण सहसा मोडत नाही. म्हणून ते धनुष्याला चाले. तिची अंतरसाल सोलली की बळकट वाक निघतो आणि त्याचे दोर वळता येतात. एकाच झाडाने काठीही द्यावी आणि दोरही द्यावा, ही निसर्गाची केवढी काटकसर!

दोरीवाचून धनुष्य म्हणजे नुसती काठी. कौटिल्याने अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू इत्यादी द्रव्ये सांगितली आहेत. शनिवारी मारुतीला आपण जिच्या पानांची माळ घालतो, तीच ही रुई. तिच्या सालीचा धागा फार मजबूत. खानदेशातील भिल्लांनी तर बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच सालीची पातळ पट्टी ताणून दोरी केली. बांबूचे तंतू बाहेरच्या अंगाला अधिक दाट असतात, हे मर्म त्यांना शाळेत न जाता उमगले होते. ना लोहार लागला, ना बाजार. कोयता आणि रान एवढ्यावर शस्त्र सिद्ध झाले.

आणि नेमके हेच सरकारला मानवण्यासारखे नव्हते. 1878 साली इंग्रजांनी दोन कायदे केले. शस्त्रांच्या कायद्याने तोफा-तलवारींच्या पंक्तीस धनुष्यबाणही बसवले. जंगलच्या कायद्याने राखीव रानातील झाडाची साल सोलणे हा गुन्हा ठरवला. दोन्ही कायदे निरनिराळ्या हेतूंनी झाले असतील. पण रानातल्या माणसाच्या दृष्टीने पाहावे, तर एकाने त्याच्या हातातल्या धनुष्यावर नजर ठेवली आणि दुसऱ्याने दोरीचे मूळच कुलूपबंद केले. वाडवडिलांची नित्याची विद्या एका वर्षात चोरी ठरली!

तलवार गंजली तरी पाते उरते. साल कुजते आणि मातीस मिळते. म्हणून संग्रहालयांत राजांच्या तलवारी मांडलेल्या दिसतात, गरिबाची दोरी क्वचितच दिसते. मात्र भाषेने ती जपली आहे. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणतात. आर्यभटाने 499 च्या सुमारास गणितात हीच ‘ज्या’ घेतली. पुढे तो शब्द अरबांकडे गेला, तेथून अपभ्रष्ट होऊन लॅटिनमध्ये उतरला आणि ‘साइन’ होऊन आपल्याच शाळांत परत आला.

दिवाळीची सुटी संपली की मुले पुन्हा भूमितीची वही उघडतील आणि वर्तुळात जीवा काढतील. त्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना एवढेच सांगावे, की बाळांनो, ही रेघ आधी रानातल्या कोणा माणसाने झाडाची साल सोलून, वळून, ताणून बांधली होती.