हरलेल्या तबकडीचे देणे

दोन राजांचे युद्ध संपले म्हणजे तह होतो, आणि प्रजेचे काय करावयाचे याचीही काही कलमे त्या तहात असतात. बाजारात दोन कारखानदारांचे युद्ध संपते तेव्हा असा तह सहसा होत नाही. हरलेला पक्ष माल काढणे थांबवितो, जिंकलेला पक्ष दुकानाच्या फळ्या व्यापतो; आणि हरलेल्याचा माल ज्याने विश्वासाने घरी नेला, त्या गिऱ्हाइकाची आठवण इतिहासकारांनाही क्वचितच होते. ती आठवण आज आपण एका उदाहरणाच्या आधारे करू. हे उदाहरण आहे जपानच्या तोशिबा कंपनीने पुरस्कारिलेल्या ‘एचडी डीव्हीडी’ या चित्रपट-तबकडीचे.

या भांडणाला पूर्वपीठिका आहे. १९९५ साली सोनी व फिलिप्स एका बाजूस आणि तोशिबा व टाइम-वॉर्नर दुसऱ्या बाजूस, असे दोन तट पडले होते. संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनी डोळे वटारले, तेव्हा समेट झाला आणि एकच डीव्हीडी जन्मास आली. पुढे अधिक रेखीव चित्र दाखविणारी तबकडी हवी झाली. दोन्ही पक्षांनी ४०५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा निळसर-जांभळा किरणच निवडला. भेद पडला तो तबकडीच्या घडणीत. सोनीप्रभृतींच्या ‘ब्लू-रे’ तबकडीत चित्राच्या खुणा पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर होत्या. त्यामुळे एका थरात २५ गिगाबाइट मजकूर मावे. तोशिबाने डीव्हीडीचे ०.६ मिलिमीटरचे माप कायम ठेवले. तिच्या थरात १५ गिगाबाइटच मावत. पण डीव्हीडीचे जुने कारखाने थोड्याशा फेरफाराने तिच्या कामी येत. एकाने जागा मिळविली, दुसऱ्याने स्वस्ताई. दोघांचाही तर्क सयुक्तिक होता, आणि २००५ सालची समेटाची बोलणी फिसकटली.

तोशिबाचे पहिले यंत्र ३१ मार्च २००६ रोजी जपानात विक्रीस आले. जूनमध्ये ब्लू-रे अमेरिकेत उतरली आणि नोव्हेंबरात सोनीच्या ‘प्लेस्टेशन ३’ या खेळयंत्रातून ती घरोघर शिरली. परंतु या युद्धातील खरे सेनापती चित्रपट कंपन्या होत्या. युनिव्हर्सल तोशिबाकडे होती, ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंटही केवळ तिचीच झाली. डिस्ने, फॉक्स आणि अर्थातच सोनीची स्वतःची कंपनी दुसरीकडे. वॉर्नर दोन्ही डगरींवर पाय ठेवून होती. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने यापुढे ब्लू-रेच काढण्याचे जाहीर केले. १९९५ सालचा सहकारीच उलटला! १९ फेब्रुवारीस तोशिबाचे अध्यक्ष अत्सुतोशी निशिदा यांनी माघार जाहीर केली. मध्ये गेले ते ४६ दिवस.

या ४६ दिवसांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. या काळात तोशिबाने आपल्या यंत्रांच्या किमती एकदम उतरविल्या. सर्वांत स्वस्त यंत्र अमेरिकेत १५० डॉलरला मिळू लागले. लढणाऱ्याने शेवटचा डाव टाकावा, हे व्यापारनीतीस धरून आहे. परंतु त्या स्वस्ताईस भुलून ज्याने यंत्र उचलले, त्याच्या घरी ते पोचून महिनाभर झाला असेल नसेल, तोच त्याचा पक्ष हरला होता.

माघार घेताना तोशिबाने वचन दिले, की सर्व ग्राहकांना दुरुस्ती व विक्रीपश्चात सेवा पूर्ववत मिळेल. वचन चांगलेच, पण त्याची व्याप्ती पाहिली पाहिजे. यासाठी जुना दाखला घेऊ. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९८१ साली खाचेतून सुई फिरणारी चित्र-तबकडी आणली. व्हिडिओ टेपपुढे तिचा टिकाव लागला नाही, आणि सुमारे साडेपाच लाख यंत्रे खपल्यावर १९८४ साली यंत्रे काढणे बंद झाले. तथापि, तबकड्या कंपनी स्वतः छापत होती, म्हणून १९८६ पर्यंत ती त्या पुरवीत राहिली. ते यंत्र दुसरे काहीच चालवीत नसे. तबकडी नाही तर यंत्र म्हणजे नुसती पेटी! तोशिबाची स्थिती उलट होती. तिचे यंत्र साधी डीव्हीडी उत्तम चालवी, म्हणून ते निकामी झाले नाही. पण नवे चित्रपट देणे तिच्या हाती नव्हते. ते चित्रपट कंपन्यांच्या हाती होते, आणि त्या निघून गेल्या होत्या.

मग गिऱ्हाइकाची भरपाई कोणी केली? थोडीफार इतरांनीच. अमेरिकेतील बेस्ट बाय या दुकान-साखळीने आपल्याकडून यंत्र घेतलेल्यांना ५० डॉलरची खरेदी-चिठ्ठी दिली. वॉर्नरने २००९ साली जुन्या तबकडीचे वेष्टण व ४.९५ डॉलर, वर टपालखर्च, घेऊन त्याच चित्रपटाची ब्लू-रे देण्याची योजना काढली. त्याच वर्षी खुद्द तोशिबा ब्लू-रेच्या संघात दाखल झाली. कारखानदाराला पक्ष बदलता येतो. ग्राहकाला तो पुन्हा विकत घ्यावा लागतो.

तोशिबाने विश्वासघात केला, असे आम्ही म्हणणार नाही. पराभव स्पष्ट दिसल्यावर तिने रडतखडत वर्षे काढली नाहीत, हीही एक सेवाच होय. लांबलेल्या लढाईत आणखी माणसे फसली असती. परंतु ग्राहकाने विकत घेतले होते ते केवळ यंत्र नव्हे. पुढे येणाऱ्या चित्रपटांचे आश्वासन त्याने विकत घेतले होते. यंत्राची दुरुस्ती होते, आश्वासनाची होत नाही. म्हणून कारखानदाराने वचन देताना आपल्या हाती काय आहे आणि दुसऱ्याच्या हाती काय आहे, हे आधी सांगावे. हरल्यानंतर दिलेल्या उदार सेवेपेक्षा लढाईपूर्वी केलेला समेट ग्राहकाला अधिक स्वस्त पडतो. १९९५ साली तो झाला होता. २००५ साली झाला नाही, आणि त्या चुकीचे मोल ज्यांनी भरले त्यांना त्या बैठकीचे बोलावणे कधीच नव्हते.