तंबाखूचा पाच शतकांचा हिशेब

धूम्रपानाने चित्त स्थिर होते, थकवा पळतो, विचारांना चालना मिळते, असे त्याचे गुण सांगणारे आजही भेटतात. हे गुणगान नवे नाही. तंबाखूने युरोपात प्रवेश केला तोच मुळी औषध म्हणून. तिच्या गुणदोषांचा वाद शतकानुशतके कसा चालला आणि अखेर कोणत्या कसोटीवर मिटला, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१४९२ साली कोलंबसच्या सोबत्यांनी क्यूबा बेटावर लोकांना पानांच्या सुरळीचा धूर घेताना पाहिले. १५६० मध्ये लिस्बन येथील फ्रेंच राजदूत झां निको याने ही वनस्पती रोगनाशक म्हणून आपल्या राजदरबारी धाडली. ‘निकोटिन’ हे नाव त्याच्याच आडनावावरून पडले. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५७१ मध्ये डोकेदुखी, दातदुखी, जंत, जखमा अशा वीसहून अधिक विकारांवर ती गुणकारी ठरविली. याउलट इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ साली तंबाखूविरुद्ध पुस्तिकाच लिहिली आणि पौंडामागे २ पेन्स असलेली जकात ६ शिलिंग १० पेन्सवर नेली. पुढे मात्र ती जकात उतरविण्यात आली, आणि ज्या पानाचा राजाला तिटकारा होता तेच त्याच्या उत्पन्नाचे साधन बनले.

आपल्या देशात तंबाखू आली ती पोर्तुगीजांमार्फत. पश्चिम किनाऱ्यावरून ती विजापूरला पोहोचली आणि तेथून १६०४ च्या सुमारास असद बेग या सरदाराने ती रत्नजडित नळीसह अकबर बादशहापुढे ठेवली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, तोच दरबारी हकीम आडवा आला. या वस्तूचा आपल्या वैद्यकग्रंथांत उल्लेख नाही, तिची पारख झालेली नाही, मग बादशहांनी ती का घ्यावी, असा त्याचा सवाल होता. युरोपियन लोकांत शहाण्यांची वाण नाही, काही गुण असल्याखेरीज ते ती वापरणार नाहीत, असा असद बेगचा प्रतिवाद. परक्यांच्या अनुभवावर विसंबण्यापेक्षा आधी परीक्षा व्हावी, हे हकिमाचे म्हणणे कायम राहिले. अकबराने तंबाखू अंगीकारली नाही. सरदारांनी मात्र ती आनंदाने उचलली आणि व्यापाऱ्यांनी बाजारात आणली. १६१७ साली जहांगिराने बंदी फर्मावली, तरी व्यसन थांबले नाही.

ख्रिस्तसभेचाही या पानाशी लवकरच संबंध आला. अमेरिकेतील धर्मपरिषदांनी सोळाव्या शतकातच मिस्सापूर्वी तंबाखू सेवन करण्यास धर्मगुरूंना मनाई केली. परमगुरू आठवे अर्बन यांनी १६४२ साली सेव्हिल धर्मप्रांतातील चर्चमध्ये तंबाखू वापरणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा ठरविली. १६५० मध्ये परमगुरू दहावे इनोसंट यांनी तोच नियम रोममधील संत पेत्राच्या महामंदिराला लावला. या आदेशांमागे आरोग्याची चिंता नव्हती. प्रश्न मंदिराच्या पावित्र्याचा होता. १७२५ साली परमगुरू तेरावे बेनेडिक्ट यांनी तो निर्बंध उठविला. पुढे तर १८६३ मध्ये, परमगुरू नववे पायस यांच्या कारकिर्दीत, रोमच्या त्रास्तेव्हेरे भागात तंबाखूच्या सरकारी कारखान्याची भव्य इमारत उभी राहिली. महसुलाच्या मोहातून एकही राजसत्ता सुटली नव्हती.

हकिमाने मागितलेली परीक्षा साडेतीन शतके लांबली. दरम्यान यंत्रावर वळलेली सिगारेट स्वस्त झाली आणि पहिल्या महायुद्धात ती सैनिकांच्या शिध्याबरोबर खंदकांत पोहोचली. फुप्फुसाच्या कर्करोगाचे वाढते रुग्ण पाहून रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांत चौकशी आरंभिली. तिचा निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाला : दोष सिगारेटकडेच बोट दाखवीत होता. १९५१ पासून त्यांनी सुमारे ४०,००० डॉक्टरांच्या सवयी व मृत्यू यांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. पन्नास वर्षांचा हा हिशेब २००४ मध्ये पुरा झाला. सिगारेट न सोडणारे पुरुष इतरांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी मृत्युमुखी पडतात, असे त्यातून दिसून आले.

मग लाभाच्या पारड्यात काय उरले? धूम्रपान करणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण कमी आढळते, ही नोंद खरी आहे. परंतु कर्करोग, हृदयविकार आणि दमकोंडी यांच्यापुढे तिचे वजन ते किती? मनःशांतीचे म्हणाल, तर निकोटिनची सवय जडलेल्या शरीरात ते कमी पडताच अस्वस्थता दाटते आणि पुढचा झुरका तीच शमवितो. ज्याने तहान लावली त्यानेच घोटभर पाणी पाजावे आणि उपकारकर्ता म्हणवून घ्यावे, असा हा प्रकार!

२०१७ च्या नोव्हेंबरात परमगुरू फ्रान्सिस यांनी निर्णय दिला की २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये कर्मचाऱ्यांना होणारी सिगारेटविक्री बंद होईल. त्या विक्रीतून मोठे उत्पन्न मिळत होते. परंतु माणसांच्या प्राणांवर उठणारा नफा न्याय्य ठरू शकत नाही, अशी भूमिका घेण्यात आली. १६४२ च्या आदेशाने दगडी मंदिराचे पावित्र्य राखले होते. या निर्णयाने मानवी देहाच्या मंदिराची कदर केली.

डॉक्टरांच्या त्याच नोंदींत एक आश्वासनही आहे. तिशीत सिगारेट सोडणाऱ्याचे जवळजवळ सारे गमावलेले आयुष्य परत मिळते आणि साठीत सोडणाऱ्यालाही सुमारे ३ वर्षे लाभतात. नातवंडांच्या सहवासातील ती तीन वर्षे कोणत्या कुटुंबाला नकोशी वाटतील?