रोज ध्यान केल्याने नेमकं काय मिळतं? नागपूरच्या एका प्राध्यापकाची पद्धत आणि संशोधन काय सांगतं?

परीक्षा जवळ आली, ऑफिसात ताण वाढला की 'रोज ध्यान कर' हा सल्ला हमखास मिळतो. पण डोळे मिटले की डोक्यात विचारांची गर्दी होते आणि हात पुन्हा फोनकडे जातो. मग ध्यानाचा खरंच उपयोग होतो का? आणि ते रोजच का करायचं?

नागपूरशी संबंध काय?

मूळचे केरळचे एकनाथ ईश्वरन (१९१०-१९९९) नागपूर विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात त्यांनी गांधीजींना संध्याकाळच्या प्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले श्लोक एकाग्र होऊन ऐकताना पाहिलं होतं. पुढे नागपुरात त्यांनी स्वतः ध्यान सुरू केलं, तेही पाठ असलेल्या ओळींच्या आधारानेच. १९५९ मध्ये ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांनी 'ब्लू माउंटन सेंटर ऑफ मेडिटेशन' ही संस्था सुरू केली.

ही पद्धत कशी आहे?

आवडीची एखादी प्रार्थना किंवा श्लोक आधी पाठ करायचा. सकाळी पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसायचं आणि मनातल्या मनात एकेक शब्द शक्य तितका सावकाश म्हणायचा. विचार आले तर त्यांच्याशी झगडायचं नाही, शब्दांकडे जास्त लक्ष द्यायचं. मन पूर्ण भरकटलं, तर पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात. वेळ रोज अर्धा तास.

म्हणजे मन भटकणं हे अपयश नाही. ते परत आणणं हाच सराव आहे.

फायदा होतो, याला पुरावा काय?

याच पद्धतीवरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर, नर्स आणि इतर आरोग्य कर्मचारी अशा ५८ जणांचे दोन गट केले गेले. एका गटाला आठ आठवडे, दर आठवड्याला दोन तास प्रशिक्षण मिळालं. त्या गटाचा ताण कमी झाला आणि १९ आठवड्यांनंतरही बराचसा फायदा टिकून होता.

महत्त्वाचं म्हणजे, ताण कमी होण्याचा संबंध सराव किती नेमाने केला याच्याशी दिसला. नुसता कोर्स पूर्ण करून भागत नाही. नागपूरजवळ माहुरझरीला विपश्यनेचं 'धम्म नाग' केंद्र आहे. त्या परंपरेतही दहा दिवसांच्या शिबिरानंतर घरी रोज सकाळ-संध्याकाळ बसायला सांगतात.

मग ध्यान हा सगळ्यावर उपाय आहे का?

नाही. २०१४ मध्ये ध्यानाच्या वेगवेगळ्या पद्धतींवरच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात एकूण ३,५१५ जण होते. चिंता, नैराश्य आणि वेदना काही प्रमाणात कमी झाल्याचं त्यात आढळलं. मात्र झोप, वजन किंवा एकाग्रतेबाबत पुरावा कमी किंवा अपुरा होता. औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचंही दिसलं नाही.

त्यामुळे सुरू असलेली औषधं स्वतःहून बंद करू नका. ध्यानाला बसल्यावर अस्वस्थता वाढत असेल तर थांबा आणि डॉक्टरांशी बोला. मानसिक त्रासासाठी सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे.

सुरुवात कशी करायची?

अर्धा तास जमत नसेल तर दहा मिनिटं बसा, पण वेळ आणि जागा रोज तीच ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. पसायदान तर अनेकांना शाळेपासून पाठ असतं. तेही चालेल. धार्मिक काही नको असेल तर मनाला भिडणारा कुठलाही उतारा घ्या. आठ आठवडे नेमाने बसा आणि फरक पडतोय का, हे स्वतःच ठरवा.